मागून येणाऱ्या गाडीची बखर

इतिहास हा पुढे चालणाऱ्यांचा विषय आहे. मागून येणाऱ्यांची तिथे डाळ शिजत नाही. १७६१ च्या पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेमागून हजारो माणसं चालत गेली. त्यांत आचारी होते, पाणके होते, वाटेत तीर्थयात्रा घडेल म्हणून निघालेले भाविक होते. इतिहासाने ह्या सगळ्यांना ‘बाजारबुणगे’ ह्या एका शब्दात गुंडाळलं, आणि तेही पराभवाचं खापर फोडायला डोकी कमी पडली तेव्हा. शाळेतही तोच न्याय. ‘आगगाडीचे इंजिन कोणी तयार केले?’ हा प्रश्न आमच्या वेळी दोन मार्कांना हमखास असायचा. डबा कोणी तयार केला, हे कुठल्याही मास्तरांनी विचारलं नाही. वास्तविक सामान्य माणूस जन्मभर बसतो तो डब्यातच. इंजिनात बसायला मिळालेला मनुष्य आमच्या उभ्या खानदानात नाही.

तेव्हा आज मी अशाच एका मागून येणाऱ्या गाडीची बखर लिहायला बसलो आहे. तिचं नाव ट्रेलर. सिनेमाचा नव्हे. (तोसुद्धा सुरुवातीला मुख्य सिनेमा संपल्यावर शेपटासारखा मागून दाखवत, म्हणून ट्रेलर. पुढे त्याला बढती मिळून तो सिनेमाच्या आधी आला आणि नाव तेवढं मागे राहिलं.) मी म्हणतो तो ट्रेलर म्हणजे मोटारीच्या पाठीमागे अडकवायचा दोन चाकांचा गाडा. त्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, लहान असेल तर ब्रेकही नाही आणि स्वतःचं मत तर नाहीच. नेतील तिकडे जायचं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याची आणखी ओळख करून द्यायला नको.

ह्या गाड्याशी माझा संबंध आला तो भाच्यामुळे. हा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात असतो. घर मोठं आहे. झोपायच्या खोल्या चार, न्हाणीघरं तीन, आणि माणसंही तीनच. म्हणजे गर्दीच्या वेळीसुद्धा दाराबाहेर कोणी खाकरत उभं नसतं. मी तिथे गेलो तेव्हा गॅरेजमध्ये पुठ्ठ्याची मोठमोठी खोकी पडली होती. हत्यारं स्वस्तात विकणाऱ्या एका दुकानातून त्याने ट्रेलर आणला होता, सुटा. लोखंडी पट्ट्या, आख, दोन चाकं, पिशवीभर नट-बोल्ट, आणि हे सगळं एकमेकांना कसं लावायचं ह्याची एक पुस्तिका. जोडल्यावर चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असा सांगाडा होतो. तिकडचे लोक त्यावरून गवत कापायचं यंत्र नेतात, बागेला माती आणतात, जुना फ्रिज टाकून येतात. थोडक्यात, आपल्याकडची हातगाडी, फक्त ओढायला मोटार.

‘‘मामा, ह्याच्यावर मी घर बांधणार आहे,’’ भाचा म्हणाला.

‘‘आणि हे घर?’’

‘‘हे राहील की इथेच. ते घेऊन ह्या घरातून बाहेर जायचं. ऑफ-रोड!’’

ऑफ-रोड म्हणजे रस्ता सोडून. आपल्याकडे तो अनुभव घ्यायला रस्ता सोडावा लागत नाही. पण ज्या देशात रस्ते चांगले असतात तिथल्या लोकांना दगडधोंड्यांसाठी शंभर शंभर मैल जावं लागतं. त्यांचं दुःख आपण समजून घेतलं पाहिजे.

तेव्हापासून मला प्रश्न पडला की घर सोडून जायचं, पण जाताना घर घेऊन जायचं, ही कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आली असेल? शोध घेता घेता एक मोठी वंशावळच हाती लागली. बखर म्हटली की वंशावळ आलीच.

ह्या घराण्याचे मूळ पुरुष डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स. विलायतेतले हे गृहस्थ आरमारात सर्जन होते. निवृत्तीनंतर मुलांसाठी साहसकथा लिहीत. जिप्सी लोकांच्या घरगाड्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि आपल्यालाही अशी गाडी हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. लांबी अठरा फूट, वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. पोटापाण्यासाठी अशा गाडीत राहणारे पुष्कळ होते; निव्वळ मौज म्हणून राहणाऱ्यांत पहिला मान इंग्रज लोक ह्या डॉक्टरांना देतात. मौजेची सिद्धताही तशीच होती. बरोबर गाडीवान होता, खासगी नोकर होता, एक दांडगा कुत्रा होता आणि एक पोपट होता. नोकराचं काम तीन चाकी सायकलवर बसून पुढे जायचं आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायचं. म्हणजे डॉक्टर एकांतासाठी रानात निघाले ते भालदार घेऊन. असे ते दक्षिण इंग्लंडातून निघाले आणि थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत पोचले. घोडे काय म्हणाले ह्याची नोंद नाही. पुढे डॉक्टरांनी ह्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं.

मोटार आली तसे घोडे गेले, नोकर गेला आणि ही मौज चार पैसे कमी असलेल्या माणसाच्याही आवाक्यात आली. अमेरिकेत फोर्डच्या स्वस्त मोटारी घेऊन लोक हिवाळ्यात फ्लोरिडाच्या उबेला जायला लागले. हॉटेलात उतरायचे नाहीत, तंबू ठोकायचे, आणि डबाबंद पदार्थ गरम करून खायचे. १९१९ साली टँपा गावच्या एका बागेत त्यांनी आपला संघ काढला. नाव ठेवलं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे डबेवाले प्रवासी. खूण अशी की मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर रिकामा पत्र्याचा डबा डाख देऊन बसवायचा. आपण गाडीवर भगवा लावतो, लिंबू-मिरची बांधतो. त्यांनी डबा लावला. श्रद्धा ज्याची त्याची.

आता तंबूची गंमत अशी, की तो जाहिरातीत पाच मिनिटांत उभा राहतो. १९२९ च्या सुमारास डेट्रॉइट शहरात आर्थर शर्मन नावाचे गृहस्थ होते. धंद्याने जंतुशास्त्रज्ञ, औषधांची कंपनी चालवत. त्यांनी अशी एक उलगडती तंबूगाडी विकत घेतली. पाच मिनिटांत जलाभेद्य खोली तयार, असं कंपनीचं आश्वासन होतं. सहकुटुंब निघाले. पहिल्याच रात्री आभाळ फाटलं. शर्मनसाहेब पावसात तंबूशी झटताहेत, पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली आहेत आणि बायकामुलं भिजत उभी आहेत. हे चित्र आपल्याला ओळखीचं आहे. जंतूंना सूक्ष्मदर्शकाखाली वठणीवर आणणाऱ्या माणसाचं कनातीच्या एका कापडापुढे काही चाललं नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने फिरणं सोडलं असतं. शर्मनने तंबू सोडला. सुताराकडून सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी घट्ट भिंतींची, घट्ट छपराची खोली चाकांवर बांधून घेतली. उलगडायचं काही नाही. दार उघडा, आत जा, पाऊस बाहेर. मुलांनी तिला थट्टेने ‘कव्हर्ड वॅगन’, म्हणजे छपराची बैलगाडी म्हटलं, आणि तेच नाव कायम झालं. येणारेजाणारे गाडी बघायला थांबायला लागले, तसे शर्मनने आणखी काही गाडे बनवून १९३० साली डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात नेऊन मांडले. सहा वर्षांत त्याची कंपनी अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी होऊन बसली. एका रात्रीच्या पावसाने इतकं भलं झालेला मनुष्य विरळा.

त्याच सुमारास तिकडे लॉस एंजेलिसमध्ये वॉली बायम नावाचे एक गृहस्थ मासिकं काढत. त्यांच्या एका मासिकात ट्रेलर घरी कसा बांधावा, ह्याची कृती छापून आली. थोड्याच दिवसांत वाचकांची पत्रं आली की, ह्या कृतीने ट्रेलर होत नाही. आपल्याकडे पाककृतीच्या सदराला अशी पत्रं येतात आणि संपादक ती शांतपणे टोपलीत टाकतात. बायमने विचित्र गोष्ट केली. त्याने कृतीबरहुकूम स्वतः ट्रेलर बांधून पाहिला आणि वाचकांचं म्हणणं खरं आहे असं त्याला आढळलं. मग तो स्वतःच्या डोक्याने बांधायला लागला. त्याने फोर्डच्या जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर आधी एक तंबू चढवला. पण त्याच्या पत्नीने, मेरियनबाईंनी, स्वयंपाकघर असल्याशिवाय पाऊल टाकणार नाही असं निक्षून सांगितलं. झालं! बायमने तंबू उतरवून त्या जागी घट्ट खोली बांधली, तीत स्टोव्ह आला, बर्फाची पेटी आली. पुढे तर जमीन चाकांच्या मधोमध खाली उतरवली आणि छप्पर वर उचललं, की आत माणसाला ताठ उभं राहता यावं. शंभर डॉलरांच्या आत ट्रेलर कसा बांधाल, ह्याचे नकाशे तो टपालाने विकायला लागला, आणि त्यातूनच ‘एअरस्ट्रीम’ हा अमेरिकेतला चकचकीत, ॲल्युमिनियमचा, देखणा ट्रेलर निघाला. त्याचं सगळं श्रेय ग्रंथांतून बायमला मिळालं आहे. स्टोव्ह नसेल तर येत नाही, हे वाक्य ज्या बाईने उच्चारलं तिला एखाददुसरी ओळ. मागून येणाऱ्यांची डाळ शिजत नाही ती अशी. आणि इथे तर डाळीची सोयच तिने केली होती.

इथपर्यंत बखर हसतखेळत आली. पुढचा भाग जरा निराळा आहे.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पाठोपाठ बँका बुडाल्या, नोकऱ्या गेल्या, घरं जप्त झाली. मौजेसाठी बनलेल्या गाड्यांत आता माणसं कायमची राहायला आली. ज्यांना शर्मनचा ट्रेलर परवडत नव्हता त्यांनी जुन्या मोटारीचा आख आणि फळ्या जोडून आपापला बांधला. रॉजर बॅबसन नावाचे तिथले नामांकित अर्थपंडित. बाजार कोसळण्याचं भाकीत आधी केल्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे पंचांग. त्यांनी सांगून टाकलं की, वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील! तसं झालं नाही, पण गावोगावच्या नगरपित्यांना मात्र घाम फुटला. ह्या लोकांचं करायचं काय? घर म्हणावं तर खाली चाकं, गाडी म्हणावी तर आत चूल. घरपट्टी लावावी तर उद्या घरच जागेवर नाही. मग इतक्या दिवसांच्या वर राहू नये, अमक्या हद्दीत थांबू नये, असे नियम निघाले. जो मनुष्य चार दिवसांनी परत जाणार, तो पाहुणा. ज्याला परत जायला जागा नाही, तो उपद्रव. गाडा तोच, चाकं तीच, चूलही तीच. फरक एवढाच, की एकाच्या खिशात घराची किल्ली होती आणि दुसऱ्याच्या नव्हती.

पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि ह्याच ‘उपद्रवा’वर सरकारची मर्जी बसली. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामगार हवे होते आणि त्यांना राहायला घरं नव्हती. सरकारने ट्रेलर हजारांनी विकत घेतले. गरज पडली की बाजारबुणगेसुद्धा फौजेत धरतात.

पण माझ्या भाच्याच्या ट्रेलरचा खरा पूर्वज ह्याच युद्धात जन्मला, आणि त्याची कथा ह्या बखरीतलं सर्वांत करुण प्रकरण आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला एक हलकी, कुठेही जाणारी मोटार हवी होती. १३५ कंपन्यांना पत्रं गेली. अट अशी की नमुना ४९ दिवसांत हजर करायचा. मोठमोठ्या कंपन्या स्वस्थ बसल्या. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची ‘अमेरिकन बँटम’ ही जवळजवळ बुडालेली चिमुकली कंपनी मात्र उठली. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरने दोन दिवसांत आराखडा काढला. २३ सप्टेंबर १९४० हा शेवटचा दिवस, वेळ संध्याकाळी पाचपर्यंत. स्वतः चालवत आणलेली गाडी लष्कराच्या फाटकातून आत शिरली तेव्हा मुदतीला अर्धा तास उरला होता. ती पहिली जीप.

आणि मग काय झालं? लष्कराला गाडी पसंत पडली, कंपनी नाही. एवढीशी कंपनी इतक्या गाड्या देणार कुठून, म्हणून बँटमचे आराखडे विलिस आणि फोर्ड ह्या दोन धनवंतांना दाखवण्यात आले, आणि मोठी कंत्राटं त्यांच्याकडे गेली. बँटमच्या वाट्याला दोन हजार सातशेच्या आसपास जीप आल्या. मग तिची समजूत काढायला तिला एक वेगळं काम देण्यात आलं. काम कोणतं? जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर! स्थळ ह्याने आणलं, मुहूर्त ह्याने काढला, आणि लग्नात ह्याच्याकडे काय दिलं, तर वऱ्हाडाचं सामान.

पण त्या बापड्या कंपनीने ते सामानही इमानाने वाहिलं. तिने बांधलेला पाव टनी ट्रेलर म्हणजे पोलादी टब होता. पाचशे पौंड ओझं घेऊन तो पाण्यावर तरंगायचा. तळाला मोऱ्या होत्या, बुचं काढली की पाणी जायचं. चाकं अगदी जीपचीच आणि जीपच्याच अंतरावर. ह्यातली अक्कल रस्ता सोडल्याशिवाय कळत नाही. जीपने चिखलात पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलरची चाकं जातात, त्यांना नवी वाट पाडावी लागत नाही. शिवाय एक जादा चाक दोघांनाही चालतं. साध्या ट्रेलरची जोडणी म्हणजे मोटारीच्या मागे रव्याच्या लाडवाएवढा पोलादी गोळा, त्यावर ट्रेलरची वाटी. डांबरी रस्त्यावर ती उत्तम. पण मोटार एका दिशेला कलंडली आणि ट्रेलर दुसऱ्या दिशेला, की वाटी अडते. लष्कराने म्हणून कडी आणि आकडा ठेवला. कडी आकड्यात हवी तशी फिरते. बैलगाडीवाल्याला हे कोणी शिकवावं लागलं नसतं. चढउतारावर जोडणीत थोडी ढील हवी, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

जीपचं पुढे सोनं झालं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईच्या माझगावात विलिसच्या जीप जोडायला घेतल्या आणि कलेक्टरापासून निवडणुकीच्या उमेदवारापर्यंत सगळे तिच्यात बसले. बँटम हे नाव मात्र एकाही उमेदवाराला ठाऊक नव्हतं. युद्धानंतरही काही वर्षं ती कंपनी ट्रेलरच बांधत राहिली आणि मग विझली.

युद्ध संपलं, तसे शिपाई घरी आले. त्यांच्याजवळ उत्साह होता, बायको नवी होती आणि पैसे बेताचे होते. बाजारात लष्कराची जुनी चाकं आणि ॲल्युमिनियमचे पत्रे स्वस्त झाले होते. १९३० च्या दशकापासून तिकडे एक छोटा ट्रेलर माहीत होता. पुढून फुगीर, मागे उतरता, अश्रूच्या थेंबासारखा. आत नुसती गादी, आणि मागचं झाकण उचललं की त्याखाली ओटा. सप्टेंबर १९४७ च्या अंकात ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ ह्या मासिकाने त्याचे नकाशे छापले आणि घरोघरच्या गॅरेजांत करवती सुरू झाल्या. ह्या ट्रेलरचं माप चार फूट बाय आठ फूटच का, ह्यात काही शास्त्र नाही. प्लायवूडचा तक्ता चार बाय आठ मिळतो! दोन माणसं शेजारी शेजारी झोपायला चार फूट पुरतात, एवढंच. कुशीवर वळायचं असेल तर मात्र ठराव मांडून एकमताने वळावं लागतं.

भाच्याने बांधला तो ह्याच कुळातला, पण त्याला तो न्यायचा होता डोंगरात. पुस्तिकेबरहुकूम सांगाडा उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बारा इंची चाक मोठ्या खड्ड्यात उतरतं ते तिथेच मुक्काम करतं. मोठं चाक वरून निघून जातं. म्हणून चाकं बदलली. चाकं मोठी झाली तशी ती सांगाड्याला घासायला लागली, म्हणून आख बदलला. आख बदलला तसे पाटे बदलले, कारण मूळचे पाटे गवताच्या यंत्रापुरते होते. पाटे जड झाले म्हणून सांगाड्याला खालून पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या. मग गोळा-वाटी जाऊन कडी-आकडा आला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा.

‘‘अरे, मग त्या दुकानातल्या स्वस्त ट्रेलरचं उरलं काय?’’ मी विचारलं.

तो बराच वेळ विचार करत होता. ‘‘नंबरप्लेट,’’ तो म्हणाला.

त्यावर प्लायवूडची खोली चढली. कडेला दार, छपराला झरोका, मागे उचलतं झाकण. झाकणाखाली ओटा करायला तो विसरला नाही. म्हणजे तो विसरत होता, पण भाचेसून मेरियनबाईंच्याच परंपरेतली निघाली. ‘‘मामा, तुम्हीच सांगा ह्याला,’’ ती म्हणाली, ‘‘सकाळी उठून चहासाठी मी दगडावर बसणार नाही.’’ मी सांगितलं. इतिहास माझ्या बाजूला होता.

पहिली स्वारी निघाली ती युटा राज्यातल्या मोअबला. डेन्व्हरहून साडेतीनशे मैल. तांबड्या खडकांचा मुलूख, जीपवाल्यांची पंढरी. हमरस्त्याला लागून वेग घेतला मात्र, मागून ट्रेलर डोलायला लागला. पालखी डोलते तसा नव्हे. वारुणीचा अंमल चढल्यासारखा. भाच्याने हलकेच वेग उतरवला आणि गाडी कडेला घेतली. कारण साधं होतं. ओटा मागे, म्हणून भांडी मागे, म्हणून शिधा मागे, आणि पाण्याचे साठ लिटरचे कॅनही मागेच. पाणी लिटरला एक किलो भरतं, म्हणजे साठ किलोचा मनुष्य शेपटीवर बसवल्यासारखं झालं होतं. ट्रेलरचं वजन आखाच्या थोडं पुढे हवं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भार जोडणीवर पडला पाहिजे, नाहीतर शेपूट कुत्र्याला हलवतं. कॅन उचलून पुढे ठेवले आणि गाडा सरळ चालायला लागला. बैलगाडी उलाळ होऊ नये म्हणून गाडीवान पोती पुढे सरकवतो ती हीच विद्या. आमच्या भाच्याने ती इंजिनिअरिंगच्या दोन पदव्या घेऊन साठ मैलांवर मिळवली.

संध्याकाळी मोअबच्या माळावर मुक्काम पडला. झाकण उचललं, स्टोव्ह पेटला, नात ट्रेलरच्या दारात पाय सोडून बसली. गादी, पातेली, पाण्याचे कॅन, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. भाचा हातात कप घेऊन आपल्या निर्मितीकडे कौतुकाने पाहत होता. भाचेसून अंबाजोगाईची. तीही बघत होती. ती म्हणाली, ‘‘मामा, आमच्या बीडकडे दिवाळीच्या सुमाराला अश्श्याच ट्रॉल्या निघतात.’’

मला लगेच समजलं. ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणजे ट्रेलरच. पाऊस संपला की बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, पातेली, शेळी, म्हातारी, तान्हं मूल. नवरा-बायको मिळून मोजणी एक: ‘एक कोयता’. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत माघारी यायचं नाही. गावाला फडाजवळ पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी उभी करायची, आणि फड बदलला की ती मोडून पुन्हा गाडीवर. चार-सहा महिने घर चाकांवर. हे लोक इतकी वर्षं ऑफ-रोड फिरताहेत, पण त्यांच्या गाड्याचे नकाशे कुठल्या मासिकाने छापले नाहीत.

त्यावर कोणी काही बोललं नाही. भाच्याने उरलेला चहा संपवला. त्याला अपराधी वाटावं असं त्याने काही केलेलं नव्हतं. माणसाने हौसेने गाडा बांधावा, बायकामुलांना घेऊन माळावर चांदणं बघावं, ह्यात वाईट काय? भाचेसुनेनेही टोमणा म्हणून ते म्हटलं नव्हतं. तिला गाव आठवलं, इतकंच. पण डॉक्टर स्टेबल्सपासून आमच्या भाच्यापर्यंत ह्या सगळ्या घराण्याकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने बघतो. ज्याला घर आहे त्याच्यासाठी घर सोडणं ही सहल असते. ज्याचं घर त्याला धरून ठेवू शकत नाही, त्याच्यासाठी तोच प्रवास म्हणजे हंगाम. दोघांच्या मागे येणारा गाडा मात्र एकच. त्याला ह्यातलं काही कळत नाही. तो आपला चाकोरीतून येत राहतो.

तेव्हा, वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला स्वस्तातला गाडा घेऊन त्याचं फिरतं घर करायची हौस असेल, तर ह्या बखरीतून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चाकं ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची असावीत. दोन, पाण्याचे कॅन आखाच्या पुढे ठेवावेत. आणि तीन, निघताना घराला कुलूप लावलं की किल्ली खिशात आहे ना, हे एकदा चाचपून बघावं. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला कुठलाही गॅरेजवाला सांगेल.